चावा

ती मला चावली, तेव्हा दुखण्याच्याही आधी माझ्या मनात आलं, अगं, केवढा हलका चावा हा. दुखलं नाही असं नाही. रबरी हातमोज्याच्या आत बोट झणझणलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं, हातातला टॉर्च घरंगळत पलंगाखाली गेला. पण चार वर्षांच्या पोरांचे चावे मला ठाऊक आहेत. माझा धाकटा त्या वयात एकदा माझ्या दंडाला असा कडकडून चावला होता की सगळी बत्तीशी उमटली होती. बत्तीशी कसली, त्या वयात वीसच दात असतात, हेसुद्धा मला आता म्हातारपणाच्या उंबरठ्यावर शिकवणीत कळलं. ठमीचा चावा तसा नव्हता. तो जोरात सुरू झाला आणि मध्येच कुठेतरी विरून गेला. मी बोट ओढून घेतलं तेव्हा ती पलंगाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, ओठ गच्च मिटून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती बघत होती फसवल्या गेलेल्या माणसासारखी. तिची आई एकीकडे तिला दटावत होती, एकीकडे माझी माफी मागत होती. मी नेहमीच्या सवयीने तोंडावर हात धरून हसले, असू द्या हो, लहान आहे, असं काहीतरी पुटपुटले, पलंगाखालून टॉर्च काढून पिशवीत टाकला आणि जिना उतरले. खालच्या मजल्यावर आल्यावर लक्षात आलं की मोजा अजून हातातच आहे.

हे काम मी कुणी सांगितलं म्हणून घेतलेलं नव्हतं. आमच्या वस्तीत बाहेरून आलेल्यांची घरं पुष्कळ, पोरं त्याहून पुष्कळ, आणि पोरांचे दात असे की कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा हात टेकून म्हणाल्या म्हणे, की मी एकटी किती घरांत जाऊ, आणि गेले तरी मला दार कोण उघडेल. म्हणून त्यांनी वस्तीतल्याच बायका गोळा केल्या, ज्याला त्याला आपापल्या भाषेत समजावून सांगतील अशा. पगार नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून एकदा दुपारी बसायचं. टेबलावर प्लॅस्टरचा भलामोठा जबडा, त्याला शोभेल असा झाडूएवढा ब्रश. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही डॉक्टर नाही. बघायचं, समजावायचं आणि गरज असेल त्याला माझ्याकडे घेऊन यायचं. पोराचा वरचा ओठ हळूच उचलायचा. हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, अजून वेळ गेलेली नाही, दातांना लेप लावला तर थांबते. रेघ तपकिरी झाली असेल तर घाई करायची. गाल सुजला असेल, ताप असेल तर तिथल्या तिथे उठून निघायचं. ब्रशवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. झोपताना तोंडात दुधाची बाटली नाही. मला हे सगळं पाठ झालं, कारण मला ते आवडलं. इतकी वर्षं कपडे दुरुस्तीच्या दुकानात मी लोकांच्या पँटी आखूड करत आले आणि चेनी बदलत आले. कुणीतरी मला एखादी गोष्ट शिकवावी आणि मी ती दुसऱ्याला शिकवावी, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. नवरा म्हणायचा, तू आता माझ्याकडे दात असलेला मनुष्य म्हणून बघतेस, नवरा म्हणून बघत नाहीस.

एकच गोष्ट मी त्या खोलीत केली नाही. दोघी-दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींचा ओठ उचलून बघायचा सराव होता. माझ्या वाट्याला एक उंच बाई आली, कुठल्या देशाची ते मी अजून विचारलेलं नाही, भारी हसरी. तिने आपलं तोंड खुशाल उघडलं, सोन्याचा एक दात चमकवला, आणि मी तिचं सगळं नीट पाहिलं. मग माझी पाळी आली तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यातही मला सर्दीच होती. डॉक्टरीणबाई जवळून गेल्या, थांबल्या, पुढच्या जोडीकडे वळल्या. त्यांनी बघितलेलं असणार. तोंडावर हात धरून हसणारी माणसं त्यांना रोज भेटत असतील.

ठमीच्या घरी मी चूक केली ती शिकवण बाजूला ठेवून. शिकवलं होतं की आधी पोराच्या हातात आरसा द्या, बाहुलीचे दात बघू द्या, आईचे बघू द्या, मग त्याचे बघा. मला वाटलं, आपल्याच माणसांत कसला आरसा नि कसली बाहुली. आपण काय परके आहोत? पोरीचं तोंड उघडायची युक्ती आपल्या प्रत्येक बाईला येते. मी तिच्यासमोर बसले, बोटांची चिमूट केली, घास धरतो तशी, आणि लाडाने म्हटलं, आ कर बाळा. आणि ती विश्वासाने आ करून पुढे झुकली. घरापासून इतक्या लांब, जिच्याशी बाहेर कुणी तिच्या भाषेत बोलत नाही अशी पोर, आणि कुणीतरी ओळखीच्या आवाजात घास देतंय. तिच्या जिभेवर आला रबराचा कडवट मोजा. मी तिच्या जागी असते तर मीही चावले असते, आणि अधिक जोरात.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत एकटा लोंबकळत असतो, त्यामुळे घरी आला की त्याला बोलायला आणि हसायला विषय लागतो. म्हणाला, बिनपगारी कामात निदान चावे तरी मिळतात. मग माझं बोट हातात घेऊन दिव्याखाली धरलं. म्हणाला, औषध लाव. मी म्हटलं, कातडं फाटलेलं नाही. तो म्हणाला, तरी लाव.

दुकानात दुसऱ्या दिवशी त्या बोटात अंगुस्तान जाईना. सुईचं बूड नेमकं त्या जागी टोचायचं. शिवणयंत्राच्या दिव्याखाली बोट उलटसुलट करून बघितलं तेव्हा खालच्या बाजूला छोटे छोटे डाग अर्धगोलात नीट उमटलेले दिसले, जांभळट. वरच्या बाजूला मात्र डाव्या अंगाला दोन डाग, उजवीकडे एक पुसट, आणि मध्ये काहीच नाही. गुळगुळीत कातडं. मला कळायला वेळ लागला. म्हणजे वरचे पुढचे दात तिला जवळजवळ नाहीतच, झिजून हिरडीला टेकलेत, आणि उजवीकडे ती दाबत नाही. उजवीकडे ती दाबूच शकत नाही. हातातली पँट मांडीवर तशीच राहिली. समोरचं गिऱ्हाईक दोनदा खाकरलं. 

उजवीकडे न दाबता जेवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आम्ही या शहरात आलो तेव्हा मी शाळेत जायच्या वयाची होते, आणि घरात इथली भाषा सगळ्यांत आधी माझ्या जिभेवर बसली. त्याचा अर्थ असा, की आईला बाजारात, वडिलांना कचेरीत, दोघांना दवाखान्यात मीच लागायचे. डॉक्टर माझ्या डोक्यावरून आईकडे बघून बोलायचे, आई माझ्याकडे बघायची, आणि मी मध्ये उभी राहून आईच्या पोटातल्या दुखण्याची नावं शिकायचे. शाळेत एकदा पांढऱ्या कपड्यांतल्या दोन बायका आल्या. आम्हाला रांगेत उभं करून त्यांनी प्रत्येकाच्या तोंडात लाकडी पट्टी घातली. माझ्या तोंडात पट्टी असताना एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. कदाचित त्या आदल्या दिवशीच्या एखाद्या गंमतीवर हसल्या असतील. मी मात्र तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे उजवीकडचे दात ठणकायला लागले, आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दवाखान्यात जावं लागणार, वडिलांची त्या दिवसाची मजुरी जाणार, आणि माझं दुखणं डॉक्टरला सांगायचं मीच, डॉक्टर जे सांगेल ते आईला सांगायचं तेही मीच. आईचा चेहरा तेव्हा कसा होईल ते मला पाठ होतं. म्हणून मी खिडकीच्या गार काचेला गाल लावून उभी राहायचे. आईला वाटायचं, पोरीला रस्ता बघायला आवडतो. ती माझ्यासाठी खिडकीपाशी एक खुर्ची आणून ठेवायची. अजूनही मला ती खुर्ची आठवली की आईला मिठी मारावीशी वाटते, आणि ती आता नाही. त्या बाजूचा समोरचा दात एका सकाळी शिळ्या पावाच्या तुकड्याबरोबर तुटून हातात आला. तो दुधाचा नव्हता.

डॉक्टरीणबाईंना मी चाव्याचं सगळं सांगितलं, घासाची युक्तीसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या घराला थोडे दिवस विसावा द्या, दुसरं कुणीतरी पाठवू. मग त्यांनीच आठवून बघितलं की त्या घराची भाषा बोलणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी टेबलावरचा जबडा मिटून ठेवला. म्हणाल्या, दुधाच्या दाताची कीड मुळापर्यंत गेली की पू होतो, खालच्या येणाऱ्या दातालाही धरतो, आणि लहान मूल एका रात्रीत तापाने फणफणतं. उशीर होऊ देऊ नका, पण जबरदस्तीही करू नका. मी जिना उतरताना विचार केला, उशीर नको नि जबरदस्ती नको, म्हणजे नक्की काय करायचं, ते या बाई सांगत नाहीत. त्यांना तरी कुठे माहीत असणार.

ठमीच्या आईची सुट्टीची दुपार मला ठाऊक होती, तेव्हा मी गेले. पिशवी नेली नाही. टॉर्च नाही, आरसा नाही, मोजे नाहीत. दार अर्धंच उघडलं. ती मला बघून कावरीबावरी झाली, म्हणाली, ताई, तुम्ही परत याल असं वाटलं नव्हतं. आत एकच खोली, कोपऱ्यात ओटा, दोरीवर वाळत घातलेले छोटे मोजे, आणि कुठेही न चुरगळता घड्या घातलेले कपडे. ती हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. नवरा दुसऱ्या शहरात बांधकामावर आहे, महिन्याकाठी येतो. ठमी पलंगावर रंगीत खडू घेऊन बसली होती. मला बघताच तिने ओठ मिटले आणि खडू खाली ठेवले.

आईने मला ओट्याजवळ बोलावलं आणि नळ सोडून, भांडी विसळता विसळता, हळू आवाजात विचारलं, की मी हे सगळं कुठे कळवणार आहे का. कुणी येऊन तिला बोलणार का, की कसली ही आई. मी म्हटलं, कुणी बोलणार नाही. तिला खरं वाटलं नाही. मग ती स्वतःच बोलत सुटली, मी विचारलंही नव्हतं. पोर तान्ही होती तेव्हा रात्री रडायची, आणि रडली की शेजारचे भिंतीवर ठोठावायचे. एकदा घरमालकालाच घेऊन आले. पहाटे कामाला जायचं, नवीन जागा, जागा गेली तर जायचं कुठे? साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली की पोर गप्प. रात्रभर बाटली तोंडात, रात्रभर गप्प. पुढे पुढे ती रडायचीच बंद झाली. "किती शहाणी आहे म्हणायचे सगळे," ती म्हणाली. दात काळे पडत गेले ते तिला दिसत होतं, पण दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं. आणि पोर कधी दुखतंय म्हणाली नाही. "एकदाही नाही हो ताई. दुखत असतं तर बोलली नसती का?"

शिकवणीत याची उत्तरं होती. दुधाच्या दातांचं महत्त्व, बाटली कशी सोडवावी, सगळं मला धडाधडा म्हणता आलं असतं. पण तिचे हात भांड्यावर फिरत होते आणि भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो राहू दिला. मग मी जाऊन पलंगाजवळ फरशीवर बसले. उगाच खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी ठमीला म्हटलं, त्या दिवशी मी तुला फसवलं, माझ्या हातात घास नव्हता, तू चावलीस ते बरं केलंस.  मी तिथेच बसून राहिले. फरशी गार होती, गुडघे कुरकुरत होते. ओट्याशी नळ वाहत होता. मग ती पलंगावर पालथी झाली, कडेला येऊन माझ्या तोंडाच्या अगदी जवळ तोंड आणून म्हणाली, "मावशी, तुझं दाखव."

मला सर्दी झाली आहे, हे माझ्या ओठांवर आलेलं होतं. इतक्या वर्षांची सवय ती, तोंड न दाखवायची. नवऱ्यासमोर मी दिवा घालवूनच दात घासते, तोही बिचारा तेवढा वेळ दुसरीकडे बघत बसतो. पोरं मोठी झाली, त्यांनीही कधी माझं हसणं पूर्ण बघितलेलं नाही. आणि ही चिमुरडी पलंगावरून लोंबकळत वाट बघत होती, कुठलीही घाई नसल्यासारखी. तिला नाही म्हटलं असतं तर तिने मान हलवली असती आणि पुन्हा खडू उचलले असते. तिला तशी सवय होती. मी डोकं मागे पलंगाच्या कडेवर टेकलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आधी हवा लागली, आतल्या पोकळीत, गार. मग तिचं बोट. मेणाच्या खडूची चव, थोडी साबणाची. ते बोट घाबरत नव्हतं. एकेका दातावर टेकत, थांबत, ते पुढे सरकलं आणि जिथे काही नाही तिथे पोचलं. उघड्या तोंडाने आवंढा गिळता येत नाही, हे मला कळलं.

"इथं नाहीये," ती म्हणाली.

मी मानेनेच हो म्हटलं. तिने बोट काढलं आणि विचारलं, दुखलं होतं का. खूप, मी म्हटलं. मग तू रडलीस? नाही, मी म्हटलं, मी कुणाला सांगितलंच नाही. तिने का म्हणून विचारलं, आणि मी तिला जे खरं होतं ते सांगितलं, की आईला त्रास नको म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा ते इतकं लहानसं वाक्य निघालं. ठमी पलंगावरून उतरली. माझ्या मांडीवर गुडघा रोवून ती वर चढली, माझा कान दोन्ही हातांनी धरला आणि त्यात कुजबुजली. तिचा श्वास ऊन होता, त्याला एक आंबूस, कुजका वास होता, आणि मला तिला तशीच जवळ धरून ठेवावंसं वाटलं.

"माझं पण दुखतं. इकडे. रोज दुखतं. आईला सांगू नकोस हं. ती रडते."

लहान मुलांची कुजबूज खोलीभर ऐकू येते. नळ बंद झाला होता. मी वर बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही. मी नुसती ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला वचन देऊ की नको, हे मला कळत नव्हतं. एकदा फसवलं होतं. पुन्हा फसवलं तर हिचं तोंड कायमचं मिटेल, आणि नाही सांगितलं तर ही आज ना उद्या तापाने फणफणेल.  मग ओट्याजवळून आई आली. हात तसेच ओले. ती फरशीवर आमच्या समोर बसली.

"उद्या मी कामावर जात नाही," ती मला म्हणाली. "दवाखाना किती वाजता उघडतो?"

ठमीने मान वळवून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा तसंच, त्या दिवशीसारखं बघू लागली होती. 

"मावशीने काही सांगितलं नाही गं," आई म्हणाली. "मलाच ऐकू आलं."

ठमीने यावर विचार केला. तिचा हात अजून माझ्या कानावर होता. मग तिने विचारलं, "म्हणजे आता तू रडणार?"

"रडेन थोडी," आई म्हणाली. "तू पण रड. मग जाऊ."